धाब्यावरचे गवत आणि कारखान्याचे छत

कफर्णहूम येथील त्या घराचे छप्पर आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला चौघांनी खाटेसह उचलून आणले. दारात पाऊल ठेवायला जागा नव्हती. तेव्हा ते छपरावर चढले, प्रभू येशू जेथे बसला होता त्याच्या नेमके वर छप्पर उकरले आणि आजाऱ्याला खाली सोडले. संत मार्क येथे उकरण्याचा उल्लेख करतो. ग्रीक-रोमी जगातील वाचकांसाठी लिहिणारा संत लूक त्याच प्रसंगात कौलांचा उल्लेख करतो. कारण त्याच्या वाचकांना कौलारू घरेच ठाऊक होती. मार्कने सांगितलेले छप्पर मात्र मातीचे होते. छप्पर 'उकरायचे' कसे, असा प्रश्न कोकणपट्टीतील वाचकाला पडेल. सिन्नर, येवला, संगमनेर, राहुरी या बाजूच्या जुन्या माणसांना तो पडत नाही. त्यांचे स्वतःचे, निदान त्यांच्या आजोबांचे घर धाब्याचेच होते.

धाब्याचे घर म्हणजे आडव्या तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पाल्याचा थर आणि सर्वांत वर पांढरीची माती. मराठवाड्यात यालाच माळवद म्हणतात. गावातल्या जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढर म्हणत. तेथील खारवट, चिकट माती पाणी धरून ठेवी, परंतु खाली झिरपू देत नसे. मृगाआधी धाब्यावर नवी माती पसरायची, चोपायची, पन्हळी साफ करायच्या, हे घरोघरचे वार्षिक काम होते. आषाढ-श्रावणात त्याच मातीवर गवत उगवे. ते कोणी पेरीत नसे. वारा आणि पाखरे पेरीत. दिवाळीपर्यंत ते वाळून जाई. वैशाखात अंगणात उभे राहवत नसे, तेव्हाही धाब्याखालचा ओटा गार लागे. आणि रात्री सारे घर धाब्यावर झोपायला जाई.

पवित्र शास्त्रातही हे गवत आहे. १२९व्या स्तोत्रात दुर्जनांना छपरावरच्या गवताची उपमा दिली आहे. ते उपटण्याआधीच सुकते. कापणाऱ्याची मूठही त्याने भरत नाही. हे स्तोत्र ज्यांच्या पाठीवर नांगर फिरवला गेला त्या पीडितांचे आहे, हे येथे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संदर्भ येणार आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आणखी एक विलक्षण आज्ञा आहे: नवे घर बांधशील तेव्हा छताला कठडा घाल, नाही तर कोणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. छत ही घरमालकाची खाजगी बाब नसून त्यावर वावरणाऱ्यांची आणि त्याखाली राहणाऱ्यांची जबाबदारी मालकावर आहे, असा हा निवाडा. आज कंपन्यांच्या इमारतींवर गवत, झुडपे आणि वेली वाढवण्याची जी चर्चा चालते, तिचा इतिहास तपासताना हा निवाडा आपल्याला मोजपट्टीसारखा उपयोगी पडेल.

गुलशनाबाद

मोगल अमलात नाशिकचे नाव गुलशनाबाद होते: बागांचे, फुलांचे शहर. परंतु छपरावरच्या हिरवाईचा इतिहास त्याहूनही जुना आहे. शहराच्या दक्षिणेस, मुंबई-आग्रा रस्त्यालगत त्रिरश्मी डोंगर आहे. आपण त्याला पांडवलेणी म्हणतो. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे सुमारे तीनशे वर्षे तेथे चोवीस लेणी खोदली गेली. बौद्ध भिक्षूंच्या या निवासाला छत कशाचे? डोंगराचे. वर माती, गवत, झुडपे, खाली कातळ, आणि कातळाच्या पोटात थंड खोल्या. डोंगरावरचे पाणी वाया जाऊ नये म्हणून शेजारीच टाकी खोदलेली. शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' असा शब्द आहे. दहाव्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात लेणे आणि पोढ्या यांचे दान एकत्रच सांगितले आहे. म्हणजे छत आणि पाणी यांचा हिशेब तेव्हा एकाच वहीत मांडला जात होता.

त्याच लेण्यात आणखी एक नोंद आहे. उषवदाताने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले आणि त्यांच्या व्याजातून वर्षावासातील वीस भिक्षूंच्या चीवरांची सोय केली. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ; हवे तर नाशिकची पहिली कंपनी म्हणा. उद्योगाने समाजाच्या निवाऱ्याची आणि वस्त्राची काळजी घ्यावी ही कल्पना या मातीत परकी नाही.

याच लेण्यांच्या पायऱ्यांवरून आज उत्तरेकडे पाहिले तर अंबडच्या औद्योगिक वसाहतीची छपरे उन्हात चकाकताना दिसतात. नाशिकमध्ये यंत्रयुग प्रथम आले ते नाशिकरोडला. १९२५ साली तेथे सरकारी रोखे-मुद्रणालय सुरू झाले आणि तीनच वर्षांनी नोटांचा छापखाना. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि सातपूरचा माळ कारखान्यांनी भरू लागला; १९६४च्या सुमारास ओझरला विमानांचा कारखाना उभा राहिला; पुढे अंबड झाले. आपल्या समाजाचा इतिहास या छपरांखालून गेलेला आहे. नगर जिल्ह्याच्या आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून अनेक कॅथॉलिक कुटुंबे छापखान्यात, रेल्वेत, देवळालीच्या छावणीत आणि नंतर सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला आली. १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला, त्यामागे या स्थलांतरित कुटुंबांची वाढती वस्ती हेही एक कारण होते, असे म्हणायला हरकत नाही. धाब्याखालून निघालेली माणसे पत्र्याखाली आली. हा बदल किती मोठा होता, ते वैशाखातल्या दुसऱ्या पाळीला पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या राहिलेल्या कोणालाही विचारावे.

मठ, राजवाडा आणि मळीचे छप्पर

छपरावरच्या बागेची गोष्ट सांगताना बहुतेक लेखक बॅबिलोनच्या झुलत्या बागांपासून आरंभ करतात. तथापि त्या बागा बॅबिलोनमध्ये होत्या याचा पुरातत्त्वीय पुरावा सापडलेला नाही. त्या निनवे येथे असाव्यात असे मतही एका विदुषीने मांडले आहे. त्यापेक्षा ख्रिस्ती युरोपातील दोन वास्तू पक्क्या पुराव्याच्या आहेत. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील मों-सें-मिशेल या बेनेडिक्टाइन मठात तेराव्या शतकात जागेच्या अभावी तीन मजले चढवले गेले आणि भिक्षूंच्या चिंतनाचे चौकोनी आवार सर्वांत वरच्या मजल्यावर आले. खाली कोठार, मध्ये दालन आणि वर आकाशाखालचा चौक. दुसरी वास्तू इटलीतील पिएन्झा येथील. पोप दुसरे पायस यांनी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या जन्मगावी बांधवलेल्या राजवाड्याची बाग तबेल्यांच्या छतावर आहे. खाली घोडे, वर फुलझाडे. समोर आमियाता पर्वत.

सामान्य माणसाच्या छपरावर हिरवळ आली ती मात्र अपघाताने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्लिन शहर भराभर वाढले. कामगारांच्या चाळींवर डांबर आणि कागद यांचे स्वस्त छप्पर घालीत, आणि आग लागू नये म्हणून त्यावर वाळू-खडी पसरीत. त्या खडीत वाऱ्याने बी आणले आणि आपल्या धाब्यासारखेच गवत उगवले. शंभर वर्षांनंतर तज्ज्ञांनी पाहिले, तेव्हा त्यांतील काही छपरे गळतीविना टिकलेली आढळली. उन्हाने डांबर तडकते. मातीने आणि मुळांनी ते ऊन झेलले होते. १९७०-८०च्या दशकांत जर्मनीत हिरव्या छतांचे शास्त्र उभे राहिले, त्याच्या मुळाशी गरिबांच्या छपरावरचे हे आगंतुक गवतही आहे. डोंगरांच्या खोलगट वाटीत वसलेल्या स्टुटगार्ट शहरात हवा कोंडते. त्या शहराने १९८६पासून हिरव्या छतांना अनुदान दिले.

वास्तुशास्त्रज्ञ ल कॉर्ब्युझिए याने १९२०च्या दशकात गच्चीवरची बाग हे आधुनिक इमारतीचे एक तत्त्वच मानले: इमारतीने जमिनीवरून जेवढी हिरवळ हिरावली तेवढी तिने डोक्यावर परत करावी. त्याने अहमदाबादला साराभाई या गिरणीमालक घराण्यासाठी १९५०च्या दशकात घर बांधले, त्याच्या छतावर माती आणि गवत घातले. पुढे लिओंजवळ डोमिनिकन संघाच्या ला तुरेत मठाचेही सिमेंटचे सपाट छत त्याने मातीने आणि गवताने झाकले. मठ १९६० साली पूर्ण झाला.

मुंबईच्या दोन टेकड्या

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण रोज हजारो लोक पाहतात, पण ते छत आहे हे त्यांच्या ध्यानात येत नाही. मलबार टेकडीवरील हँगिंग गार्डन, म्हणजेच फिरोजशहा मेहता उद्यान, १८८१च्या सुमारास आकाराला आले ते दक्षिण मुंबईला पाणी पुरवणाऱ्या जलाशयाच्या छतावर. मातीच्या थरामुळे पाणी झाकले गेले, थंड राहिले आणि वर नागरिकांना फिरायला जागा मिळाली. अलीकडे २०२३मध्ये जलाशयाच्या पुनर्बांधणीची योजना पुढे आली, तेव्हा झाडे तोडावी लागतील म्हणून रहिवाशांनी तीव्र विरोध केला. छतावरची बाग शंभर-सव्वाशे वर्षांत किती आपली होऊन बसते, आणि तिच्याखालच्या बांधकामाची देखभाल किती अवघड होऊन बसते, या दोन्ही गोष्टी त्या वादाने दाखवल्या.

दुसरी टेकडी माझगावची. तेथे इंग्रजांचा किल्ला होता. १६९०मध्ये सिद्दीच्या हल्ल्यात तो उद्ध्वस्त झाला. १८८०च्या दशकात त्याच जागी जलाशय आणि त्यावर उद्यान झाले. आज ते जोसेफ बाप्टिस्टा यांच्या नावाने ओळखले जाते. उत्तनच्या ईस्ट इंडियन घराण्यातील, माझगावला १८६४ साली जन्मलेले 'काका' बाप्टिस्टा म्हणजे लोकमान्य टिळकांचे स्नेही, होमरूल चळवळीचे पुढारी, कामगारांचे वकील, १९२०मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक आणि १९२५ साली मुंबई नगरपालिकेचे अध्यक्ष. छतावरच्या एका बागेला कामगारांच्या कॅथॉलिक पुढाऱ्याचे नाव असावे, हा योगायोग खराच. पण प्रस्तुत विषयाचे मर्म त्यात सापडते.

कंपनीचे छत

उद्योगांच्या इमारतींवर जाणीवपूर्वक हिरवळ आली ती गेल्या पंचवीस-तीस वर्षांत. अमेरिकेत डिअरबॉर्न येथे फोर्ड कंपनीने आपल्या ट्रक जोडणीच्या कारखान्याच्या छतावर २००३ साली सुमारे सव्वाचार हेक्टर हिरवळ घातली. तेथे सेडम नावाच्या, आपल्या पानफुटीच्या कुळातल्या, मांसल पानांच्या बुटक्या वनस्पती लावल्या. हेतू केवळ शोभेचा नव्हता. कारखान्याच्या आवारातील पावसाचे पाणी तेलकट होऊन नदीत जात होते. ते अडवण्यासाठी जमिनीखाली मोठी गटारयंत्रणा उभारण्यापेक्षा पाणी छतावर, तळ्यात आणि मातीत जिरवणे कंपनीला स्वस्त वाटले. २००९ साली टोरोंटो शहराने मोठ्या नव्या इमारतींना हिरव्या छताचा नियमच लागू केला. आपल्या देशात हैदराबादला भारतीय उद्योग महासंघाचे सोहराबजी गोदरेज केंद्र २००४ साली उघडले. त्याच्या निम्म्याहून अधिक छतावर बाग आहे.

परंतु मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते मुंबई बंदराच्या स्वयंपाकघराचे उदाहरण. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या (आताच्या मुंबई बंदर प्राधिकरणाच्या) मध्यवर्ती स्वयंपाकघरात रोज सुमारे तीन हजार कर्मचाऱ्यांचे जेवण शिजत असे. भाज्यांची देठे, फळांच्या साली, उरलेले अन्न यांचे ढीग पडत. २००२ साली तेथील अधिकारी प्रीती पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा कचरा वर गच्चीवर नेला, त्याचे खत केले आणि सुमारे तीन हजार चौरस फुटांवर फळझाडे आणि भाज्या वाढवल्या. पद्धत होती प्रा. श्रीपाद दाभोलकर यांच्या विचारातून आलेली. दाभोलकर गणिताचे प्राध्यापक. तासगावच्या द्राक्ष-बागायतदारांना त्यांनी 'प्रयोग परिवारा'त गुंफले आणि शेतीकडे पाहण्याची नवी दृष्टी दिली. त्यांचे मूळ सूत्र साधे होते: पीक म्हणजे पानाने झेललेला सूर्यप्रकाश. ज्या जागेवर ऊन पडते आणि पान नाही, तेथे सूर्याची कमाई वाया जाते. या दृष्टीने शहरातील प्रत्येक उघडी गच्ची म्हणजे पडीक रान. पालापाचोळा, उसाचे चिपाड, शेण-गोमूत्र आणि गूळ यांपासून कुजवून केलेली भुसभुशीत 'माती' साध्या मातीपेक्षा कितीतरी हलकी असते, आणि गच्चीवर हलकेपणालाच मोल आहे. दाभोलकर २००१ साली वारले; बंदराची गच्ची त्यांनी पाहिली नाही. मात्र त्यांची शिकवण मुंबई-पुण्याच्या गच्च्यांवर रुजली. नाशिकमध्येही 'गच्चीवरची बाग' या नावाने घरोघरच्या कचऱ्यातून भाजीपाला पिकवण्याचे काम उभे राहिले आहे.

हिशेब

या हिरवाईचे लाभ भावनेने नव्हे, हिशेबाने पाहू. उघडे काळसर छत उन्हाळ्याच्या दुपारी ६० अंश सेल्सिअसच्या वर तापते. तेच छत मातीने आणि पानांनी झाकले असेल, तर त्याचा पृष्ठभाग पंधरा-वीस अंशांनी थंड राहू शकतो. कारणे तीन. पान सावली देते. मातीचा थर उष्णता खाली जाऊ देत नाही. आणि पानातून उडणारे पाणी स्वतःबरोबर उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता लागते. हजार चौरस मीटरच्या छतावरून दिवसाला दोन मिलिमीटर पाणी उडाले, तरी दोन हजार लिटर पाण्याबरोबर सुमारे तेराशे युनिट उष्णता निघून जाते. तेवढी उष्णता वातानुकूलन यंत्राने बाहेर फेकायची तर वीजही लागते आणि ती उष्णता शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडते.

पाण्याचेही तसेच. वर्षाकाठी ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर तेवढ्याच छतावर सात लाख लिटर पाणी पडते. पत्र्यावरून ते मिनिटभरात गटारात, नाल्यात आणि तेथून गोदावरीत जाते. २००८, २०१६ आणि २०१९चे पूर नाशिककरांनी पाहिले आहेत. पुराची कारणे अनेक. धरणाचा विसर्ग आणि नदीपात्रातील बांधकामे ही मोठी कारणे. छपरांनी पूर थांबत नाही. मात्र चार इंच मातीचा थर दर चौरस मीटरला वीस-पंचवीस लिटर पाणी धरतो आणि उरलेले सावकाश सोडतो. लहान सरीचे पाणी तर बहुतेक सारे तेथेच राहते. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील दुष्काळी गावांत येशूसंघीय फादर हरमन बाखर यांनी आयुष्य वेचून जे शिकवले, तेच हे. १९४८ साली स्वित्झर्लंडहून आलेल्या या धर्मगुरूने पाणलोट विकासाचे काम 'माथा ते पायथा' या क्रमाने करायला लावले: पाणी नाल्यात अडवण्याआधी डोंगरमाथ्यावर अडवा. धावत्या पाण्याला चालायला, चालत्याला थांबायला आणि थांबलेल्याला मुरायला शिकवा, हे त्या चळवळीचे बोल खेडोपाडी पोहोचले. फादर बाखर २०२१ साली स्वित्झर्लंडमध्ये निवर्तले. शहराला डोंगरमाथा कोणता? त्याची छपरेच.

आता जमेबरोबर खर्चाची बाजूही मांडली पाहिजे. ओला झालेला चार इंचांचा थर दर चौरस मीटरला सव्वाशे-दीडशे किलो भरतो. कारखान्याच्या पत्र्याच्या शेडचा सांगाडा अशा वजनासाठी बांधलेला नसतो; त्यात साधारणपणे सुमारे ७५ किलो अतिरिक्त भार धरलेला असतो. म्हणजे जेथे उष्णतेचा त्रास सर्वाधिक, तेथेच माती चढवता येत नाही. ती चढते कचेरीच्या सिमेंटच्या स्लॅबवर, आणि तेथे आधीच वातानुकूलन यंत्रे असतात. शिवाय आपल्या हवामानात आठ महिने पाऊस नाही. पाण्याविना चैत्रात छतावरचे गवत सुकणार, हे स्तोत्रकर्त्याने केव्हाच सांगून ठेवले आहे. पिण्याचे पाणी छतावर ओतणे हे नाशिकसारख्या शहरात पाप ठरेल. भोजनगृहाचे आणि हात धुण्याचे पाणी शुद्ध करून वापरले तरच हिशेब जुळतो.

भिंतीवरच्या हिरवाईचे दोन प्रकार आहेत आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक जुना: जमिनीत मूळ धरून भिंतीवर चढणारी वेल. तिला वर्षभरात थोडी छाटणी आणि थोडे पाणी पुरते. दुसरा नवा: भिंतीवर टांगलेल्या शेकडो लहान कप्प्यांचा, नळ्यांचा आणि पंपाचा. अशा रचनेचे एकस्व अमेरिकेत १९३८ सालीच एका प्राध्यापकाने घेतले होते. पॅट्रिक ब्लाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या अखेरीस तिला जगभर नाव मिळवून दिले. ही भिंत डोळ्यांना सुखावते, परंतु चार दिवस पंप बंद पडला की करपते. उड्डाणपुलांच्या खांबांवर वाळलेल्या अशा कुंड्या आपण अनेक शहरांत पाहिल्या आहेत.

हिरवळ कोणासाठी?

येथेच प्रश्नाचे खरे टोक आहे. औद्योगिक वसाहतीत प्रवेशद्वाराशी, पाहुण्यांच्या नजरेसमोर हिरवी भिंत उभी असते. आणि तिच्यामागे पन्नास पावलांवर उघड्या पत्र्याखाली कामगार घामाने निथळत असतो. अहवालात छायाचित्र भिंतीचे छापले जाते. याला पर्यावरणप्रेम म्हणावे काय? इजिप्तमधील विटांच्या कामापासून १२९व्या स्तोत्रापर्यंत पवित्र शास्त्र पाठीवर नांगर फिरलेल्यांच्या बाजूने बोलत आले आहे. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात कामगाराला यंत्राचा भाग न मानता माणूस मानण्याचा आग्रह धरला. १९७९ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी असिसीच्या संत फ्रान्सिसला पर्यावरणाच्या अभ्यासकांचा आश्रयदाता संत घोषित केले. १९९०च्या शांतिदिनाच्या संदेशात त्यांनी सृष्टीचा नाश हा नैतिक प्रश्न ठरवला. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात हे दोन प्रवाह एकत्र आणले: पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगवेगळे ऐकता येत नाहीत. या शिकवणीच्या प्रकाशात पाहिले तर छतावरच्या हिरवळीची कसोटी सोपी होते. तिच्यामुळे कोणाच्या डोक्यावरचे ऊन कमी झाले?

ही कसोटी लावली की मार्गही दिसू लागतात. स्लॅबच्या इमारतीवर माती आणि बाग. पत्र्याच्या शेडवर पांढरा लेप आणि आतून उष्णतारोधक थर. पश्चिमेच्या भिंतीपासून हातभर अंतरावर तारांवर चढवलेली वेल. आणि आवाराच्या पश्चिम-दक्षिण बाजूंना कडुनिंब, करंज, बहावा. यांपैकी शेवटचे तीन उपाय लहान कारखानदारालाही झेपण्यासारखे आहेत. भोजनगृहाचा कचरा गच्चीवर गेला, तर बंदरातल्या स्वयंपाकघराचा धडा गिरवला जाईल. आणि कोणताही भार चढवण्याआधी अभियंत्याकडून छत तपासून घेणे, ही अनुवादातील कठड्याच्या आज्ञेचीच आजची आवृत्ती होय.

कारखान्यांना उपदेश करण्याआधी आपल्या धर्मग्रामांनीही वर पाहावे. आपल्या शाळा, वसतिगृहे, दवाखाने, सभागृहे, धर्मभगिनींचे मठ यांची छपरे थोडीथोडकी नाहीत. बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत नाशिकरोडला हजारो भाविक येतात आणि तात्पुरत्या मांडवांच्या सावलीत उभे राहतात. सावलीचे मोल आपल्याला नव्याने सांगायला नको. शाळेच्या गच्चीवर मुलांनी भाजी लावली, वसतिगृहाच्या पश्चिम भिंतीवर मधुमालती चढवली, तर त्यासाठी कोणाच्या परवानगीची किंवा मोठ्या देणगीची गरज नाही. आपल्या समाजातील जे तरुण अभियंते आणि पर्यवेक्षक आज सातपूर-अंबडच्या कारखान्यांत निर्णयाच्या खुर्चीपर्यंत पोहोचले आहेत, त्यांना शेडमधल्या दुपारच्या तापमानाची नोंद ठेवण्याचा आग्रह धरता येईल. हिरव्या भिंतीचे छायाचित्र ज्या अहवालात छापले जाते, त्याच पानावर तो आकडाही छापला जावा.

त्यांच्या आजोबांनी दर मृगाआधी धाब्यावर माती टाकली होती. त्यांनी पर्यावरण हा शब्द ऐकलेला नव्हता. खाली बाळंतीण निजली आहे, म्हातारी आई बसली आहे, तिला ऊन लागू नये आणि घर गळू नये, एवढेच त्यांना कळत होते. कफर्णहूमच्या त्या चौघांनाही छप्पर उकरताना खालच्या माणसांखेरीज दुसरे काही दिसत नव्हते. छपराचा विचार करायचा तो तिथूनच, खालच्या माणसापासून.